सापाची मावशी आणि तिची कवटी

(सामुदायिक रेडिओवर आम्ही दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला असताना आम्ही सिन्नर तालुक्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक कांदाचाळीच्या सावलीत होती. बोलणं चालू, हात कांदा निवडतायत, आणि चाळीच्या फळीखालून एक तपकिरी, तुकतुकीत, वीतभर लांबीचं जनावर सळसळत बाहेर आलं. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी फावडं उचललं. आम्ही "अहो थांबा" म्हणेपर्यंत कारभार आटोपला होता. "ताई, तुम्हाला माहीत नाही," एक मावशी आम्हालाच समजावत म्हणाल्या, "ही सापाची मावशी. नागाचं उतरतं, पण हिचं उतरत नाही."

ती सापसुरळी होती. आणि मैत्रिणींनो, सापसुरळीला विष नसतं. थोडं नाही, कमी नाही, मुळीच नसतं.

आम्ही तिघी. दोघींनी वर्षानुवर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तिसरीने शाळेत. निवृत्तीनंतर गावोगाव साप आणि सर्पदंश याविषयी बोलत फिरतो. आमचा अनुभव असा, की "विष नसतं" असं नुसतं सांगून कुणी ऐकत नाही. का ऐकावं? आजीने सांगितलंय, आईने सांगितलंय, आणि आम्ही कोण, बाहेरून आलेल्या बाया. म्हणून आम्ही शाडूच्या मातीचे तीन मोठे नमुने केले. नाशिकमध्ये गणपतीच्या आधी शाडू मिळायला अडचण नाही. एक सापसुरळीची कवटी, एक घरातल्या पालीची, एक नागाची. खरी सापसुरळीची कवटी दोनेक सेंटिमीटरची, आमची नारळाएवढी. ज्या बायकांनी ते नमुने हातात घेऊन बघितले, त्यांना पुढे फार सांगावं लागलं नाही.

आता रेडिओवर नमुना दाखवता येत नाही. पण प्रत्येकीकडे एक कवटी आहेच, स्वतःची. तेव्हा हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि आम्ही सांगू तिथे बोट ठेवा.

पहिल्यांदा माथ्यावर. तान्ह्या बाळाची टाळू आपण तेलाने भरतो. तिथे हाडांमध्ये जागा मोकळी असते, ती पुढे भरून येते. आपल्या माथ्याला दोन हाडं, डावं आणि उजवं, मध्ये शिवण. पालीलाही तशीच दोन. सापसुरळीच्या माथ्याचं हाड मात्र एकच, सलग, आणि त्यात बरोबर मध्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, "मॅडम, मोडलंय का?" मोडलेलं नसतं. त्या भोकाखाली प्रकाश ओळखणारा एक अवयव असतो, त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याने दिसत नाही, पण ऊन किती आहे, दिवस किती वर आला, याचा अंदाज शरीराला मिळतो. सकाळी बांधावर, दगडावर ऊन खात बसणाऱ्या प्राण्याला ते उपयोगाचं. पाल रात्री हिंडणारी, तिला हे भोक नाही. सापालाही नाही. सापाच्या माथ्याचं हाड सापसुरळीसारखं एकच, पण ते दोन्ही बाजूंनी खाली वळून मेंदूला डबीसारखं बंद करून टाकतं. सापाला भक्ष्य सगळंच्या सगळं गिळायचं असतं, आणि तडफडणारा उंदीर टाळूवर लाथा झाडत असताना मेंदू सुरक्षित राहायला हवा.

आता बोट कपाळावर. आपण जन्मतो तेव्हा कपाळाची हाडं दोन असतात, लहानपणीच ती एक होतात. आपल्याकडच्या सापसुरळीचंही कपाळाचं हाड एकच. आणि आता नाकाखाली, वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी. इथे सरपटणाऱ्या प्राण्यांत एक छोटं वेगळं हाड असतं, त्याला प्रीमॅक्सिला म्हणतात. पालीत, घोरपडीत ते मध्ये एकच. बहुतेक सापसुरळ्यांत मात्र दोन, शेजारी शेजारी. जगात कुठेही मातीत असं जोडीतलं इवलंसं हाड सापडलं, तर हाडं ओळखणाऱ्या माणसाच्या मनात सापसुरळीचं नाव लगेच येतं. नागाचं हे हाड बिनदाताचं आणि सैल असतं.

गालाकडे या. डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून कानाकडे बोट फिरवा, एक हाडाची कमान लागेल. ही कमान जबड्याच्या स्नायूंसाठी असते. घास चावताना कानशिलावर जे हलतं ते तिच्या आतून जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांत मुळात अशा दोन कमानी, एक वर, एक खाली. मगरीत आजही दोन्ही आहेत. सापसुरळीत खालची गेली, वरची राहिली. पालीत वरचीही गेली. सापात तर दोन्ही गेल्याच, पण गालाचं हाडही गेलं. आम्ही हे सांगतो तेव्हा बायका तिन्ही नमुने एका ओळीत ठेवतात आणि म्हणतात, "हिची चौकट भक्कम, हिची अर्धी, आणि ह्याची सगळी मोकळी." आमच्या पुस्तकात दोन पानं आहेत, त्यांचं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आलं.

आता कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बिजागरी हलते ना? आपल्यात खालचा जबडा सरळ कवटीला टेकतो. सापसुरळीत, पालीत, सापात मध्ये आणखी एक हाड असतं, त्याचं नाव क्वाड्रेट. सापसुरळीचं क्वाड्रेट आखूड, बाहेरच्या बाजूने शिंपल्यासारखं, आणि त्या शिंपल्याच्या कडेवर कानाचा पडदा ताणलेला. म्हणून सापसुरळीच्या डोक्यावर, डोळ्याच्या मागे, कानाचं छोटं भोक दिसतं. सापाला ते नसतं. सापाचं क्वाड्रेट लांब काठीसारखं, दोन्ही टोकांना सैल. त्यामुळे त्याचा जबडा डोक्यापेक्षा मोठा उघडतो. शिवाय त्याच्या खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीशी हाडाने जुळलेल्या नसतात, लवचीक धाग्याने बांधलेल्या असतात. सापसुरळीची हनुवटी घट्ट. तिला गिळायचंय काय, तर नाकतोडा, झुरळ, कोळी, अळी.

जाता जाता एक गंमत. हे क्वाड्रेट आपल्यातून नाहीसं झालेलं नाही. ते लहान होत होत आपल्या कानाच्या आत गेलं. कानात ज्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी असते, त्यातलं ऐरण नावाचं हाड म्हणजे तेच. आत्ता तुम्ही आमचं बोलणं ऐकताय ते एका जुन्या जबड्याच्या बिजागरीतून.

आता मुख्य गोष्ट, दात. नागाच्या, मण्यारीच्या वरच्या जबड्याच्या हाडावर अगदी पुढे विषाचा दात असतो, आतून पोकळ, सुईसारखा. मागे विषाची ग्रंथी, तिथून नळी दातापर्यंत. घोणस आणि फुरशात ते हाड आखूड असून बिजागरीवर फिरतं, म्हणून त्यांचे लांब दात मिटून ठेवता येतात. आमच्या मातीच्या नागाला आम्ही दाताच्या जागी गोधडीची सुई खोचली आहे. सापसुरळीच्या जबड्यावर काय आहे? सारख्या उंचीच्या, बोथट, शंकूसारख्या दातांची एक रांग, जबड्याच्या आतल्या कडेला चिकटवलेली. लांब दात नाही, पोकळ दात नाही, खाच नाही, नळी नाही, ग्रंथी नाही. हातात पकडली तर चावेल. पकडल्यावर कोण चावणार नाही? कातडीवर लाल ठसे उठतील, फार तर टोचल्यासारखं होईल. साबणाने धुवायचं आणि कामाला लागायचं.

मग ती एवढी सापासारखी दिसते का? एक म्हणजे तिचं अंग. नावातली सुरळी ऐकली की आम्हाला सुरळीची वडीच आठवते, तशी ती गोल, गुळगुळीत. तो गुळगुळीतपणा वरवरचा नाही. तिच्या प्रत्येक खवल्याखाली हाडाची पातळ चकती असते, ऑस्टिओडर्म म्हणतात तिला. ती चकतीही अखंड नसते, बारीक तुकडे जोडून केलेली असते, आणि डोक्यावर तर ती कवटीच्या हाडांना चिकटून बसते. म्हणजे चिलखतच. घरातल्या पालीला हे नसतं, म्हणून पाल मऊ लागते. दुसरं म्हणजे पाय. आपल्याकडे नेहमी दिसते ती मोठी सापसुरळी, तिचे पाय बरे असतात. पण जमिनीत राहणाऱ्या काही जातींचे पाय इतके लहान, की पळताना दिसतच नाहीत. विणीच्या दिवसांत नराच्या कुशी लालसर होतात आणि काही जातींच्या पिल्लांची शेपटीच लाल असते. लाल म्हणजे जहाल, असं आपण धरून चालतो. पिल्लाची लाल शेपटी शत्रूने डोकं सोडून शेपटी धरावी म्हणून असते. शेपटी तुटते, पिल्लू वाचतं, नवी शेपटी येते.

पाय आखडत जाणं ही काही आपल्याच मातीतली गोष्ट नाही. युरोपात, भूमध्य समुद्राच्या काठाने, सापसुरळ्यांच्या थोड्याच जाती आहेत, पण त्यांच्यात हा सगळा प्रवास दिसतो. सिसिली, सार्डिनिया, ग्रीस इथली ठिपक्यांची कॅल्सिडीस, तिचे चार पाय लहान पण नीट. इटलीतली तिची बहीण, लांबलचक, पायांना तीन तीन बोटं आणि पाय काडीएवढे. ग्रीसमधली ओफिओमोरस, तिला पायच नाहीत. आणि याच ओफिओमोरसची एक बहीण आपल्या राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात आहे, वाळूत पोहल्यासारखी चालते. जमिनीत घुसणाऱ्या या जातींत नाकाचा पुढचा भाग पाचरीसारखा होतो, डोळा बारीक होतो, आणि कवटीतल्या मोकळ्या जागा बुजत जातात. डोक्यानेच माती फोडायची तर डोकं घट्ट हवं. त्या वाळवंटी बहिणीचा खालचा जबडा तर वरच्याच्या आत बसतो, म्हणजे वाळूत शिरताना तोंडात रेती जात नाही. हंगेरीपासून ग्रीसपर्यंत मिळणारी अब्लेफरस वेगळीच: पालापाचोळ्यातली, कवटी एक सेंटिमीटरही भरत नाही, हाडं कागदासारखी, आणि पापण्या सापासारख्या जुळून त्यांची पारदर्शक काच झालेली.

ही हाडं कुणी एवढी निरखली असतील, असं वाटेल. इटलीतल्या तुरीन विद्यापीठाचे आंद्रेया व्हिला आणि मास्सिमो डेल्फिनो यांनी २०१९ साली युरोपातल्या सरडे, पाली, सापसुरळ्या या सगळ्यांच्या कवट्यांचा, हाड नि हाड वेगळं करून, तुलनात्मक संग्रह प्रसिद्ध केला. कारण जुन्या थरांतून, गुहांतून जीवाश्म निघतात ते अख्ख्या कवटीचे नसतात. एखादा जबड्याचा तुकडा, एखादं माथ्याचं हाड. ते कुणाचं, हे आजच्या प्राण्यांची हाडं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडेही १९२६ साली कार्ल श्मिट यांनी गडचिरोलीतल्या आल्लापल्लीच्या नावाने एका सापसुरळीचं नामकरण केलं. मग १९३५ साली माल्कम स्मिथ यांचा भारतातल्या सरड्यांवरचा मोठा ग्रंथ आला. पण आपल्या बांधावरच्या सापसुरळ्यांचा असा हाडावर हाड ठेवून केलेला संग्रह व्हावा, आणि तो मराठी पोरींनी करावा, अशी आमची फार इच्छा आहे.

युरोपातली एक गोष्ट कळली तेव्हा आम्ही तिघीही हसलो. जुन्या ग्रीक आणि रोमन लेखनात सेप्स नावाच्या एका भयंकर जनावराचं वर्णन येतं. ते चावलं की मांस सडतं, असा समज; नावाचाच अर्थ सडण्याशी जोडलेला. आणि पुढे प्राणिशास्त्रात ते नाव कुणाला चिकटलं? त्या काडीएवढ्या पायांच्या, बोथट दातांच्या गरीब सापसुरळीला. म्हणजे तिकडेही हिच्यावर आळ होताच.

आणि "मावशी" तरी खरी का? कवटीवरून आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो की नातं तसं जवळचं. गेल्या वीसेक वर्षांत जनुकांच्या अभ्यासाने ते चित्र पालटलं. सरडे-सापांच्या या मोठ्या घराण्यात पाली आणि सापसुरळ्या फार आधी वेगळ्या निघाल्या. सापाला जवळचे नातेवाईक म्हणायचे तर घोरपड आणि झाडावरचा साधा सरडा. सापसुरळी म्हणजे लांबची, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नाव न येणारी.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, ठीक आहे बाई, नाही मारणार. पण आम्ही एवढ्यासाठी हाडं घेऊन हिंडत नाही.

त्र्यंबकेश्वरकडच्या एका पाड्यावरची गोष्ट. पावसाळ्यातली रात्र, घरात सगळे जमिनीवर झोपलेले. अकरा वर्षांचा मुलगा मध्यरात्रीनंतर उठला, पोटात दुखतंय म्हणाला. कानाजवळ काहीतरी चावल्यासारखं वाटलं होतं, पण नीट खूण दिसेना. संध्याकाळीच घरात सापसुरळी दिसली होती. मोठी माणसं म्हणाली, तीच चावली असणार. शेजारच्या गावच्या भगताकडे सापसुरळीवरचं मूळ मिळतं आणि त्याचा गुण हमखास येतो, अशी ख्याती. मूळ आणलं, उगाळून दिलं. मुलगा झोपला. पहाटे आईने पाहिलं तर त्याच्या पापण्या वर उचलत नव्हत्या आणि शब्द घोगरे येत होते. तिने मग कुणाचं ऐकलं नाही, गाडी मिळवली आणि सरकारी रुग्णालय गाठलं. मण्यार होती. मण्यारीचे दात लहान, त्यामुळे खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. मुलाला काही दिवस मशीनवर श्वास द्यावा लागला. तो वाचला. आज शाळेत जातो.

त्या आईने नंतर आम्हाला विचारलं, "भगताचं मूळ दर वेळी लागू पडतं, मग माझ्याच पोराला का नाही?" आम्ही तिच्यासमोर सापसुरळीचा आणि नागाचा असे दोन नमुने ठेवले. ती बराच वेळ जबडे बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "हिला विषच नाही, म्हणजे मूळ दिलं काय, पाणी दिलं काय, माणूस बराच होणार की." तेवढंच होतं. सापसुरळी जहाल आहे ही समजूत जिवंत आहे, तोवर तिच्यावरचं औषध शंभर टक्के गुणाचं ठरत राहणार. आणि एका रात्री, चावणारी सापसुरळी नसताना, घरातले त्याच औषधावर विसंबून सकाळची वाट बघणार. त्या भगताला आम्ही भेटलो. माणूस लबाड नव्हता. त्याने खरोखर शेकडो माणसं बरी होताना पाहिली होती.

तेव्हा काय करायचं ते सांगतो. रात्री झोपेत काही चावलं, किंवा काय चावलं ते दिसलं नाही, तर ते विषारी धरायचं. ओळख पटवायला जनावर शोधत बसायचं नाही, मारायचं नाही, पकडायचं तर नाहीच. कानाचं भोक असतं असं आम्ही आता सांगितलं, ते बघायला म्हणून कुणी वाकू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता आधार देऊन ठेवायचा. अंगठी, बांगडी, जोडवं काढायचं. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. १०८ ला फोन करायचा, गाडी हाताशी असेल तर थेट निघायचं. पापणी जड होणं, दोन दोन दिसणं, गिळता न येणं, पोटात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना आधी तेच सांगायचं. प्रतिविष रुग्णालयातच मिळतं, दुसरीकडे नाही. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपणं टाळता येत नसेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या.

सिन्नरच्या त्या मावशींचा परवा फोन आला होता. चाळीत पुन्हा एक निघाली म्हणे. फावडं कुणी उचललं नाही, पण सगळ्या खाटेवर चढून बसल्या होत्या. "भीती गेलीय असं नाही हो," त्या म्हणाल्या, "पण सुनेने झाडूने बाहेर लोटली." मग त्यांनी विचारलं, तो मातीचा नारळाएवढा नमुना शाळेला काही दिवस मिळेल का. पुढच्या बुधवारी घेऊन जातोय.